माझ्याकडे तर चालतंय!

प्रोग्राम पडला की ऑफिसात पहिलं वाक्य ठरलेलं असतं. “माझ्याकडे तर चालतंय!” हे म्हणणारा खोटं बोलत नसतो, आणि खरी पंचाईत तीच आहे. खोटं बोलत असता तर पकडता तरी आला असता. तो लॅपटॉप आपल्याकडे फिरवतो, आणि खरंच, त्याच्या पडद्यावर ते अ‍ॅप्लिकेशन मजेत बागडत असतं. सर्व्हरवर मात्र तेच, अक्षर न अक्षर तेच, अ‍ॅप्लिकेशन उठतं आणि दोन सेकंदांत आडवं होतं. मग टीम लीड म्हणतात, “बरं, मग क्लायंटला तुझा लॅपटॉपच पाठवून देऊ.” हा विनोद आयटीत इतका जुना झालाय की त्यावर हसणं आता अ‍ॅप्रेजलमध्ये धरतात.

कोड दोन्हीकडे एकच, तर मग फरक कशात? बहुतेक वेळा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी सांगतो. प्रोग्रामला काही गोष्टी जागोजागी वेगळ्या लागतात: डेटाबेस कुठे आहे, त्याचा पासवर्ड काय, कुठल्या पोर्टवर ऐकायचं, ग्राहकाला खरे पैसे लावायचे की चाचणीचे. या गोष्टी कोडमध्ये कोरून ठेवल्या तर जागा बदलली की कोड बदलावा लागतो. म्हणून त्या बाहेर, नाव आणि किंमत अशा जोडीनं ठेवतात, आणि प्रोग्राम सुरू होताना त्या वाचून घेतो. कल्पना साधी आहे. साध्या कल्पनांनीच माणसं रात्री उशिरापर्यंत ऑफिसात थांबतात.

ही सोय काही कालपरवाची नाही. बेल लॅब्जमधून १९७९ साली युनिक्सची सातवी आवृत्ती बाहेर पडली, तिच्यात ती होती. १९८३ च्या डॉसमध्ये ती आली आणि तिथून विंडोजमध्ये उतरली. म्हणजे हिंजवडीतली पोरं जिच्यापायी शेवटची कंपनी बस चुकवतात, ती त्यांच्यातल्या बहुतेकांपेक्षा वयानं मोठी आहे. जुन्या वडीलधाऱ्यांचा एक गुणही तिच्यात पुरता उतरलाय: काय चुकलं ते सांगायचं नाही, काहीतरी चुकलंय एवढं मात्र घरभर जाणवून द्यायचं.

तिचा मुख्य नियम समजला की निम्मे घोटाळे समजतात. गावाकडून पुण्याला शिकायला निघालेल्या पोराच्या पिशवीत आई काही चिठ्ठ्या टाकते: मामाचा पत्ता, मेसवाल्या काकूंचा नंबर, डॉक्टरांचं नाव. निघताना पिशवीत जे होतं ते त्याचं. पुढे मामानं घर बदललं तर पिशवीतली चिठ्ठी आपोआप बदलत नाही, आणि पोरानं चिठ्ठीवर काही खाडाखोड केली तर ती गावाकडे आईला कळत नाही. संगणकात प्रत्येक प्रोसेसला जन्मताना पालक प्रोसेसकडून सगळ्या व्हेरिएबलची एक प्रत मिळते, आणि तिथून पुढे दोघांचा त्या बाबतीतला संबंध संपतो.

म्हणून असं होतं. माणूस सेटिंगमध्ये जातो, किंमत बदलतो, ओके दाबतो, आणि आधीपासून उघड्या असलेल्या, आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत प्रोग्राम पुन्हा चालवतो. तोच एरर. “सर, मी बदललंय हो!” बदललंयच. पण समोरची खिडकी बदलाच्या आधी जन्मलीय, तिला कोण सांगणार? “खिडकी बंद कर, नवी उघड.” तो नवी उघडतो. तरी तोच एरर. कारण ही खिडकी एडिटरच्या पोटची, आणि एडिटर सकाळपासून चालू आहे. आता एडिटर बंद करा. सपोर्टवाले प्रत्येक दुखण्यावर ‘बंद करून परत चालू करा’ एवढंच सांगतात म्हणून लोक त्यांची थट्टा करतात. निदान या एका रोगाच्या बाबतीत तरी तो देवऋषीचा अंगारा नसून शास्त्रोक्त उपचार आहे.

इंजिनिअरिंगच्या मुलांची या प्रकाराशी पहिली गाठ बहुधा जावाच्या प्रॅक्टिकलला पडते. जावा उतरवून झालेलं असतं, प्रोग्राम जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात लिहून झालेला असतो, आउटपुटसुद्धा शेजारच्याचं बघून लिहिलेलं असतं. फक्त चालवायचं बाकी. काळ्या खिडकीत नाव टाइप केल्यावर विंडोज सांगतं की ही आतली किंवा बाहेरची कुठलीच आज्ञा मला ओळखू येत नाही. आतलीही नाही, बाहेरचीही नाही. इतकी ठाम नाकबुली कोर्टातसुद्धा ऐकू येत नाही. झालेलं एवढंच असतं की जावा ज्या फोल्डरमध्ये आहे त्याचं नाव ‘पाथ’ या व्हेरिएबलमध्ये घातलेलं नसतं, आणि चालू फोल्डर सोडला तर विंडोज जी शोधाशोध करतं ती त्या यादीपुरतीच.

ती यादी दुरुस्त करायची जागा विंडोजनं वर्षानुवर्षं अशी ठेवली होती की मुद्दाम कुणी दुरुस्त करूच नये. पंचवीस-तीस फोल्डरांची नावं, मध्ये अर्धविराम, सगळी एका ओळीत, आणि ती ओळ बघायला जेमतेम तीन बोटं रुंदीची पट्टी. खिडकी मोठी करता येत नसे. उजव्या बाणावर बोट दाबून धरायचं, मजकूर सरकताना बघायचा आणि हव्या त्या जागी बोट उचलायचं. या नादात एखादं अक्षर उडालं की जावा राहायचं बाजूला, दुसरंच काहीतरी चालेनासं व्हायचं. त्या पट्टीच्या जागी एकाखाली एक ओळींची नीट यादी यायला विंडोज १० आणि २०१५ साल उजाडावं लागलं. त्याआधी या विषयात प्रावीण्य मिळवलेल्या पिढीला सरकारनं काहीतरी पेन्शन द्यायला हवं होतं.

ज्यांना पट्टी नको होती ते ‘सेटएक्स’ ही आज्ञा वापरत. तिची एक खोड अशी की मजकूर १०२४ अक्षरांहून लांब असेल तर ती पुढचा भाग कापून टाकते. हे ती लपवत नाही. एका ओळीत इशारा देते की मजकूर १०२४ अक्षरांवर कापला आहे, आणि लगेच पुढे कळवते की काम यशस्वी झालं आहे. अशा धर्तीची पत्रं आपल्याला सरकारी कार्यालयांतून येतात, त्यामुळे मराठी माणूस यानं फारसा दचकत नाही.

जावाचीच दुसरी कथा ‘जावा होम’ची. इथे जावाचा मुख्य फोल्डर द्यायचा असतो. निम्मी मुलं त्याच्या आतला ‘बिन’ देतात, कारण प्रोग्राम खरोखर तिथेच असतो आणि मुलं तर्कशुद्ध असतात. मग वापरणारा प्रोग्राम आपल्या पद्धतीनं पुढे आणखी एक ‘बिन’ जोडतो, आणि ‘बिन’च्या आतल्या ‘बिन’मध्ये कोणीच राहत नाही. पण इथे एक कौतुक करायला हवं. ग्रेडलसारखी अवजारं या वेळी स्वच्छ सांगतात की जावा होम चुकीच्या फोल्डरकडे बोट दाखवतंय, आणि कुठल्या, तेही छापतात. बाकी सगळ्या प्रोग्रामांनी एवढंच केलं असतं तर हा लेख लिहायचं कारणच उरलं नसतं.

ते तसं करत नाहीत. या क्षेत्रातला माझा सगळ्यात मोठा आक्षेप हा की चूक एका जागी होते आणि बोंब दुसऱ्याच जागी उठते. पासवर्डची किंमत चुकलेली असते आणि एरर म्हणतो डेटाबेस सापडत नाही. मग डेटाबेसवाल्यांना फोन जातो. ते वैतागून म्हणतात, “डेटाबेस उभा आहे, मी आत्ता बघितला.” मग नेटवर्कवाल्यांना फोन. ते म्हणतात, “फायरवॉल उघडी आहे, तुमचंच काहीतरी असेल.” मोठा कॉल लागतो. कॉलवर माणसं वाढत जातात आणि प्रत्येक नवा माणूस “जरा थोडक्यात सांगाल का काय झालंय?” असं विचारतो. तेवढ्यात ज्याच्यामुळे हे सगळं झालं ते एक मोकळं अक्षर फाइलमध्ये निवांत पडलेलं असतं.

मोकळं अक्षर हे मी अतिशयोक्तीनं म्हणत नाही. इथले मोठमोठे गुन्हे न दिसणाऱ्या अक्षरांनीच केलेले असतात. आपल्याला शाळेपासून शिकवलेलं असतं की बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडावी, लेखन टापटीप दिसतं. ही टापटीप इथे नडते. लिनक्सच्या शेलमध्ये, म्हणजे तिथल्या काळ्या खिडकीत, ‘पोर्ट’, मग जागा, मग बरोबरचं चिन्ह असं लिहिलं तर तो ‘पोर्ट’ नावाची आज्ञा शोधायला निघतो आणि सापडत नाही म्हणून ओरडतो. ओरडतो हे चांगलंच. विंडोजची काळी खिडकी ओरडत नाही. ती शेवटी मोकळी जागा असलेल्या नावाचं एक नवंच व्हेरिएबल गुपचूप तयार करते. आता घरात पोर्ट नावाचे दोघे झाले, दिसायला हुबेहूब, आणि प्रोग्राम हाक मारतो त्याला ओ देणारा तो नव्हे.

अवतरण चिन्हांचंही तेच. किंमत अवतरणात घालावी की नाही यावर एकमत नाही. ही नावं आणि किंमती ज्या फाइलमध्ये लिहून ठेवतात ती एन्व्ह फाइल; ती वाचणाऱ्या बऱ्याच लायब्रऱ्या अवतरणं काढून टाकतात. प्रोग्राम डब्यात बंद करून चालवणाऱ्या डॉकरच्या ‘रन’ आज्ञेला तीच फाइल थेट दिली तर तो अवतरणांना किंमतीचाच भाग समजतो. म्हणजे लॅपटॉपवर पासवर्ड बरोबर, सर्व्हरवर तोच पासवर्ड पुढेमागे अवतरणं लावून हजर. डेटाबेस त्याला ओळखत नाही, आणि त्यात डेटाबेसची काय चूक?

त्याहून बेरकी म्हणजे ओळ संपल्याची खूण. विंडोज ओळ संपवायला दोन अक्षरं वापरतं, लिनक्स एक. त्यातलं जास्तीचं अक्षर म्हणजे जुन्या टाइपरायटरचा गाडा परत ओळीच्या सुरुवातीला नेण्याची आज्ञा. टाइपरायटर गेले, तालुक्याच्या गावी टायपिंगच्या क्लासांच्या पाट्या उतरल्या, पण तो गाडा अजून आमच्या फाइलींत फिरतोय. विंडोजवर लिहिलेली फाइल लिनक्सवर गेली की प्रत्येक किंमतीच्या शेपटीला तो चिकटतो. मजा पुढे आहे. एरर छापताना तो गाडा खरोखरच ओळीच्या सुरुवातीला जातो आणि पुढचा मजकूर आधीच्या मजकुरावर उमटतो. त्यामुळे एररचं डोकं गायब आणि धड शिल्लक. तीन सिनियर मिळून ते अर्धं वाक्य वाचत बसतात.

असे डबे अनेक सर्व्हरवर सांभाळणाऱ्या क्युबरनेटिसमध्ये पासवर्ड ‘बेस-चौसष्ट’ या रूपात बदलून ठेवतात. तो करताना ‘एको’ वापरलं आणि ‘वजा एन’ द्यायचं राहिलं की पासवर्डाच्या शेवटी एक नवी ओळ जाऊन बसते. मग कितीही वेळा वाचून ताडून पाहा, बरोबरच दिसणार. इलाज एकच: पासवर्ड वाचू नका, त्याची लांबी मोजा. आठ अक्षरांच्या पासवर्डाची लांबी नऊ आली की चोर सापडला.

पासवर्डांवरून आठवलं. आपल्याकडच्या पासवर्डांत साधारणपणे एक देव असतो, मग अ‍ॅटचं चिन्ह आणि मग एक-दोन-तीन. ही रचना भक्ती आणि सुरक्षा विभागाचे नियम या दोहोंना धरून आहे. पण डेटाबेसचा पत्ता एका ओळीत लिहिताना पासवर्ड आणि यंत्राचं नाव यांच्यामध्येही अ‍ॅटच असतो. काही प्रोग्राम पहिला अ‍ॅट दिसला की पासवर्ड संपला असं धरतात. मग गणपती तेवढा पासवर्डात राहतो आणि एक-दोन-तीन यंत्राच्या नावात जातं. त्या नावाचं यंत्र जगात कुठेच नसल्यामुळे एरर म्हणतो, यंत्र सापडत नाही. अ‍ॅट नको म्हणून कुणी हॅश घालतो. एन्व्ह फाइल वाचणाऱ्या काही लायब्रऱ्या हॅशच्या पुढचा मजकूर टिप्पणी समजून सोडून देतात. डॉलर घातला तर डॉकर कंपोज त्याला दुसऱ्या व्हेरिएबलचं नाव समजून त्याची किंमत शोधायला जातं, आणि ती नसली तर रिकामी जागा भरून येतं. सुरक्षा विभागाचा आग्रह कायम असतोच की पासवर्डात एक तरी विशेष चिन्ह हवं.

इथवर ज्यांची गाऱ्हाणी गायली ते निदान पडणारे प्रोग्राम होते. पडणारा प्रोग्राम प्रामाणिक असतो, त्याचा राग येतो पण धोका नसतो. भीती बाळगावी ती चुकीची किंमत घेऊन हसतमुखानं काम करत राहणाऱ्याची.

त्यांच्यात पहिला मान ‘फॉल्स’चा. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची किंमत नेहमी मजकूर असते, दुसरं काही असूच शकत नाही. कुणीतरी ‘डीबग बरोबर फॉल्स’ असं मोठ्या विश्वासानं लिहितो. पायथनला तो मजकूर खरा की खोटा असं विचारलं, तर पायथन म्हणतो मजकूर रिकामा नाही ना, मग खरा. जावास्क्रिप्टचंही हेच मत. म्हणजे तुम्ही स्पष्ट शब्दांत नाही म्हणालात आणि समोरच्यानं ते हो धरलं, कारण तुम्ही काहीतरी बोललात. ज्याला खरंच नाही म्हणायचंय त्यानं गप्प बसायचं. लग्नाच्या बैठकीतल्या मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या हे उलट बाजूनं भोगलंय. तिथे गप्प बसणं हा होकार असे.

दुसरा मान वेळेचा. सर्व्हर सहसा जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. त्यामुळे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या काळात झालेली प्रत्येक खरेदी कालच्या तारखेची. हे सुधारायला ‘टीझेड’ नावाचं व्हेरिएबल असतं आणि त्यात ‘आशिया/कोलकाता’ असं लिहायचं असतं. आता एखाद्या अस्सल पुणेकराला वाटलं की आपण पुण्यात बसलोय तर पुण्याचीच वेळ लावावी, आणि त्यानं ‘आशिया/पुणे’ लिहिलं, तर काय व्हावं? एरर यावा. येत नाही. बहुतेक लिनक्स यंत्रं ते निमूट स्वीकारतात आणि ग्रिनिचची वेळ दाखवून तिच्यापुढे ‘आशिया’ असं छापतात. पुण्याची वेळ आणि ग्रिनिचची वेळ एकच आहे हे ऐकून सदाशिव पेठेत कुणाला नवल वाटणार नाही, पण बिलांच्या तारखा चुकतात त्याचं काय? मुंबईनं प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे चालणारी स्वतःची वेळ १९५५ पर्यंत सांभाळली होती. आज त्या यादीत मुंबईलाही जागा नाही. दोघांनी कोलकात्याच्या घड्याळावर भागवायचं.

शहराचं नाव नको म्हणून कुणी थेट साडेपाच तास लिहायला जातो. तिथे आणखी मोठा खड्डा आहे. या पद्धतीत ग्रिनिचच्या पश्चिमेला अधिक आणि पूर्वेला उणे धरतात. म्हणजे भारतासाठी उणे साडेपाच लिहायचं. शाळेत भूगोल शिकलेला सभ्य माणूस अधिक साडेपाच लिहितो आणि त्याचं घड्याळ अकरा तास मागे जातं. हा नियम ज्यांनी केला ते पश्चिमेला राहत होते, त्यांना तो सोयीचा वाटला असेल.

पण गप्प राहण्यातला खरा कहर २०१५ च्या जानेवारीत झाला. स्टीम हे संगणकावरच्या खेळांचं दुकान. त्याच्या लिनक्सवरच्या स्क्रिप्टमध्ये एक ओळ होती: ‘स्टीमरूट’ या व्हेरिएबलमध्ये जो फोल्डर असेल त्याच्या आतलं सगळं पुसून टाक. हे काही एन्व्ह फाइलमधलं व्हेरिएबल नव्हे, त्याची किंमत स्क्रिप्टच काढत असे. पण रोग तोच. एका वापरकर्त्यानं स्टीमचा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर हलवला, स्क्रिप्टला तो सापडला नाही आणि व्हेरिएबल रिकामं राहिलं. मग उरलं काय? नावाच्या पुढची एक तिरपी रेघ. लिनक्समध्ये नुसती तिरपी रेघ म्हणजे अख्खा संगणक. त्या माणसाच्या मालकीच्या फाइली तर गेल्याच, पण बॅकअपसाठी जोडून ठेवलेली बाहेरची डिस्कही धुऊन निघाली. यातली सगळ्यात मानवी गोष्ट अशी की त्या ओळीच्या वरती लिहिणाऱ्यानं स्वतःच टिप्पणी करून ठेवली होती: भीतीदायक! त्याला भीती वाटली, त्यानं ती लिहून ठेवली आणि तो पुढच्या कामाला लागला. ‘व्हेरिएबल रिकामं असेल तर थांब’ हे शेलला सांगायला पाच-सात अक्षरं पुरतात.

याच्या आदल्याच वर्षी, सप्टेंबर २०१४ मध्ये, स्टेफान शाझलास यांना बॅश शेलमध्ये एक भोक सापडलं. बाहेरून आलेल्या व्हेरिएबलच्या शेपटीला आज्ञा बांधून पाठवली तर बॅश ती सरळ अमलात आणत असे. भोक १९८९ पासून तिथे होतं. पंचवीस वर्षं जगभरचे सर्व्हर दार उघडं टाकून झोपले होते. या भोकाला ‘शेलशॉक’ असं नाव पडलं, आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल थेट बातम्यांत आलं.

आपल्या भाषेचाही या प्रकरणाशी संबंध आहे. ‘लँग’ नावाचं व्हेरिएबल यंत्राला सांगतं की भाषा कुठली आणि अक्षरं कशी वाचायची. मराठीसाठी लिनक्समध्ये ‘एमआर-आयएन’ अशी रीतसर सोय आहे. पण सर्व्हरवर हे व्हेरिएबल बऱ्याचदा कुणी भरतच नाही, आणि मग जुने पायथन प्रोग्राम असं धरून चालत की जगात इंग्रजी मुळाक्षरं धरून एकूण १२८ अक्षरं आहेत. आपल्या ‘अ’चा युनिकोड क्रमांक २३०९. म्हणजे दारातच अडवणूक. ग्राहकाचं नाव रोमन लिपीत असलं की बिल निघायचं, देवनागरीत असलं की प्रोग्राम आडवा. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर ‘लँग’ व्यवस्थित भरलेलं, त्यामुळे त्याच्याकडे तर चालतंय! २०१८ च्या पायथन ३.७ नं स्वतःहून शहाणपणा करून युनिकोड धरायला सुरुवात केली. मराठी भाषा गौरव दिनाला या आवृत्तीचा सत्कार करायला हरकत नाही.

असंच एक अंधारातलं पात्र म्हणजे ‘क्रॉन’. ठरल्या वेळी, बहुधा मध्यरात्री, कामं उरकणारा. दिवसा तुम्ही स्क्रिप्ट हातानं चालवता तेव्हा तुमच्या खिडकीत वर्षभर गोळा केलेली सगळी व्हेरिएबलं असतात. क्रॉनकडे काही नसतं. त्याचा ‘पाथ’ म्हणजे दोन फोल्डर, बाकी जग त्याला ठाऊक नाही. म्हणून दुपारी सगळ्यांसमोर चाललेली स्क्रिप्ट रात्री पडते, सकाळी पुन्हा हातानं चालवली की चालते, आणि “बघा, आता चालतंय” म्हणून तिकीट बंद होतं. पुढच्या रात्री पुन्हा उघडतं. अशी तिकिटं आयटीत पिढीजात चालत येतात.

आणि क्युबरनेटिसचा तो प्रसिद्ध आगाऊपणा. तुम्ही एका सर्व्हिसला ‘रेडिस’ नाव दिलंत की तो आपणहून, तुम्हाला न विचारता, ‘रेडिस पोर्ट’ नावाचं व्हेरिएबल तुमच्या प्रोग्रामच्या हातात ठेवतो. प्रोग्रामला त्या नावात ६३७९ हा नुसता आकडा हवा असतो. क्युबरनेटिस त्यात टीसीपीपासून सुरू होणारा अख्खा पत्ता भरतो. आकड्याच्या जागी पत्ता आल्यावर प्रोग्राम पडतो. तुमच्या फाइलींत ते नाव कुठेच नाही, शोधून सापडत नाही, कारण ते तुम्ही लिहिलेलंच नाही. पडल्यावर क्युबरनेटिस प्रोग्रामला परत उठवतो, तो परत पडतो. मग दहा सेकंद थांबून उठवतो, मग वीस, मग चाळीस, असं करत करत पाच मिनिटांपर्यंत. त्याच्याइतका संयम माझ्या पाहण्यात दुसऱ्या कुणाकडे नाही. फक्त तो संयम चुकलेल्या किंमतीवर खर्च होतो, आणि किंमत काही पाच मिनिटं थांबून दुरुस्त होत नाही.

एवढं सगळं असूनही पद्धत चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. हेरोकूच्या मंडळींनी २०११ मध्ये ‘ट्वेल्व्ह-फॅक्टर’ नावाची बारा तत्त्वं लिहिली, त्यातलं तिसरं हेच: बदलत्या गोष्टी एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. त्यांची कसोटीही चोख होती. तुमचा कोड या क्षणी जगाला उघडा करून दाखवला तर एखादं गुपित फुटेल का? फुटणार नसेल तर तुम्ही पास. तत्त्व उत्तम होतं, आम्ही त्याचं काय केलं ते बघा. टीममध्ये नवी मुलगी येते आणि विचारते, “सर, एन्व्ह फाइल कुठे मिळेल?” कोडबरोबर एक नमुना फाइल असते, पण ती प्रकल्पाच्या बारशाच्या वेळची, त्यानंतर तिच्याकडे कुणी फिरकलेलं नसतं. खरी फाइल चॅटवरून फिरत असते. एक जण ‘एन्व्ह-फायनल’ पाठवतो, दुसरा ‘एन्व्ह-फायनल-नवीन’. तिसरा म्हणतो, “माझी घे, माझ्याकडे चालतंय.” तीत त्याच्या लॅपटॉपवरच्या फोल्डरांची नावं असतात. डेटाबेसचे खरे पासवर्डही त्याच चॅटवर, वाढदिवसाच्या केकच्या फोटोंच्या वरती आणि डब्यात काय आणलंय या चर्चेच्या खाली पडलेले. कोडमधून गुपित काढलं खरं, ते बाहेर आणून ओट्यावर ठेवलं एवढंच.

शेवटी चूक सापडते. ती एका ओळीची असते. मग अहवाल लिहितात, त्यात मूळ कारणाच्या रकान्यात ‘कॉन्फिगरेशन इश्यू’ असे दोन शब्द असतात. कुठलं व्हेरिएबल, काय किंमत होती, काय हवी होती, यातलं काही नसतं. पुढच्या वेळी तीच चूक झाली की जुना अहवाल शोधणाऱ्याला कळतं की मागच्या वेळीही कॉन्फिगरेशन इश्यूच होता.

तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्या सगळ्या दादा-ताईंना हात जोडून सांगणं आहे. प्रोग्राम उठल्या उठल्या, दुसरं कुठलंही काम करायच्या आधी, त्याला लागणारी सगळी नावं एकदा तपासा. जे नाव नसेल ते स्पष्ट छापा. आकडा हवा तिथे आकडा आहे का बघा, किंमतीच्या कडेची मोकळी जागा कापा, रिकामं आणि नसलेलं यांत फरक करा. एक जरी चुकलं तर तिथेच, दारातच, मोठ्यानं सांगून थांबा. अर्ध्या रात्री आतल्या खोलीत जाऊन पडू नका. नमुना फाइलमध्ये नवं नाव त्याच दिवशी घाला. आणि तपासताना पासवर्ड लॉगमध्ये छापू नका, फक्त त्याची लांबी छापा.